‘ऑप्टिमम’ आलंय म्हणे, पण तपासलं कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात विद्यार्थ्यांनी बनवलेल्या टाइमटेबल सॉफ्टवेअरची बातमी वाचली, ‘एका मिनिटात अख्ख्या कॉलेजचं वेळापत्रक’ असं हेडिंग होतं. पोरांचं कौतुक आहेच, त्यात वाद नाही. पण मी गेली बरीच वर्षं अशाच प्रोजेक्टची गाइड आहे, शेड्युलिंग आणि ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळे नियम पाळून शक्य तितकं चांगलं (‘ऑप्टिमम’) वेळापत्रक काढणं, हाच माझा विषय, आणि बातमी वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हा की ते वेळापत्रक बरोबर आहे हे तपासलं कोणी? ज्या प्रोग्रामने बनवलं त्यानेच ‘सगळे नियम पाळले’ असं सांगितलं असेल तर ते तपासणं नव्हे, ते आपला पेपर आपणच तपासून पैकीच्या पैकी घेणं झालं. बातमीत याबद्दल एक ओळ नव्हती म्हणून हे पत्र. लांबलंय, हवं तर कात्री लावा, पण ९३० चा किस्सा तेवढा ठेवा.

किस्सा असा. आमच्या विषयात एक जुनं प्रसिद्ध कोडं आहे, फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ साली छापलेलं, त्याला एफटी-१० म्हणतात. १० कामं, १० मशिन, प्रत्येक काम प्रत्येक मशिनवर एकदा जाणार, पण कुठल्या क्रमाने ते ज्याचं त्याचं ठरलेलं, आणि एका मशिनवर एका वेळी एकच काम. सगळं लवकरात लवकर कधी संपेल ते सांगा, बस्स. अख्खा डेटा अर्ध्या पानात मावतो. आणि या अर्ध्या पानाने जगभरच्या लोकांना २६ वर्षं झुलवलं, १९८९ मध्ये कार्लिए आणि पिन्सन यांनी सिद्ध केलं की उत्तर वेळेची ९३० एककं आहे, त्याच्या खाली जाताच येत नाही. अवघड आहे असं नाही, येतच नाही. तर माझ्या एका विद्यार्थ्याचा रात्री साडेअकराला मेसेज आला, ‘मॅडम ८९४ आलंय!!!’ आणि खाली रंगीत गँट चार्टचा, म्हणजे कुठलं काम कुठल्या मशिनवर कधी ते दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या तक्त्याचा, स्क्रीनशॉट. पोरगा हुशार होता, तीन महिने खपला होता, आणि त्याच्या मनात आता पेपर कुठल्या जर्नलला पाठवायचा हे चालू होतं.

मी त्याला त्या रात्री चूक आहे असं सांगितलं नाही. म्हटलं, तुझा कोड बंद कर, त्यातली एक ओळसुद्धा न घेता नवा छोटा प्रोग्राम लिही, त्याने फक्त दोन गोष्टी वाचायच्या, मूळ डेटाची फाइल आणि तुझं उत्तर, आणि कुठला नियम कुठे मोडलाय ते छापायचं. दोन दिवसांनी आला तो चेहरा पाडूनच. शून्य नंबरच्या मशिनवर तीन ठिकाणी एकाच वेळी दोन-दोन कामं चालली होती. फाइलमध्ये मशिनचे नंबर शून्यापासून सुरू होत होते आणि याच्या कोडमधली मोजणी एकपासून, त्यामुळे पहिल्या मशिनला ‘एका वेळी एकच काम’ हा नियम लागलाच नव्हता. एवढंच. तीन महिन्यांची मेहनत आणि एक आकडा इकडचा तिकडे.

त्याला वाईट वाटलं पण मला त्या दिवशी त्याच्यापेक्षा माझंच जास्त वाईट वाटलं, कारण मनात आलं की इथे आपल्याला ९३० माहीत होतं म्हणून हे सापडलं. ज्या प्रोजेक्टमध्ये खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं, एखाद्या कारखान्याचा प्लॅन, वॉर्डचं ड्युटी चार्ट, परीक्षांचं वेळापत्रक, तिथे अशी किती ८९४ मी स्वतः सही करून पास केली असतील?

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे की आधी चेकर, म्हणजे असा फक्त तपासणारा वेगळा प्रोग्राम, मग बाकीचं. ग्रुप असेल तर चेकर लिहिणारा वेगळा आणि वेळापत्रक बनवणारा वेगळा, आणि दोघांनी नियम एकमेकांना विचारून नाही तर मूळ कागद वाचून लिहायचे. मुलं कुरकुरतात की मॅडम यात रिसर्च काय आहे. नसेल, पण याच्याशिवाय पुढचा रिसर्च कशावर उभा राहणार.

आता दुसरी गोष्ट, जी मला खरं तर जास्त खुपते. प्रोजेक्टचा विषय ठरवायला मुलं येतात तेव्हा प्रॉब्लेम काय आहे हे सांगत नाहीत, अल्गोरिदम कुठला लावायचाय हे सांगतात. आणि अल्गोरिदम म्हणजे काय तर प्राण्यांच्या वागण्यावरून बेतलेल्या, त्यांचंच नाव लावलेल्या शोधपद्धती, निम्मं प्राणीसंग्रहालय, लांडगे, देवमासे, वटवाघळं, काजवे, कोकिळा, दर वर्षी नवा प्राणी. मुंग्यांची पद्धत चांगली आहे, १९८३ मध्ये आलेली सिम्युलेटेड ॲनीलिंग (धातू हळूहळू थंड करण्यावरून सुचलेली पद्धत) आजही उत्तम काम करते, त्याला माझी ना नाही. पण नवीन प्राण्यातलं नाव काढून आतलं गणित बघितलं की बऱ्याचदा जुनंच काहीतरी नवीन कपडे घालून उभं असतं. आणि तुलना कशी करतात ते बघा. स्वतःचा अल्गोरिदम तीन महिने घासून पुसून लखलखीत केलेला आणि ज्याच्याशी तुलना तो दुपारी नेटवरून उतरवलेला, डिफॉल्ट सेटिंगवर एकदा पळवलेला. स्वतःचा २० वेळा पळवायचा आणि सगळ्यात चांगला रन टेबलात टाकायचा. मग ‘आमची पद्धत सरस ठरली’. अहो ठरणारच की! कुस्तीत समोरचा पैलवान तुम्हीच उपाशी ठेवलाय.

म्हणून मी म्हणते की आधी तयार सॉल्व्हर लावा, म्हणजे नियम आणि ध्येय दिलं की उत्तर शोधून देणारं तयार सॉफ्टवेअर. आज हे फुकट मिळतंय, गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट आहे, स्किप आहे, हायस आहे, गुरोबी आणि सीप्लेक्स विकत घ्यायचे असतात पण विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी फ्री लायसन्स देतात. मॉडेल लिहा, म्हणजे तुमचे नियम गणिताच्या भाषेत मांडा, दहा मिनिटं पळवा, बघा काय येतंय. सॉल्व्हरचा मोठा फायदा म्हणजे तो नुसतं उत्तर देत नाही, बाउंडही देतो, म्हणजे १०४ चं शेड्यूल मिळालं आणि बाउंड १०० आला तर तुम्हाला कळतं की कोणी कितीही डोकं आपटलं तरी १०० च्या खाली जाणार नाही, तुमची लढाई फक्त मधल्या चारची आहे. लांडगे आणि देवमासे हे सांगत नाहीत, ते फक्त ‘आतापर्यंतचं बेस्ट’ सांगतात. सॉल्व्हर दमला, मोठ्या डेटावर लटकला, की मग तुमचा स्वतःचा अल्गोरिदम आणा आणि मला आनंदच होईल. पण एका बॅचमध्ये असं झालं की मुलांनी सहा महिन्यांचा प्लॅन आखला होता जेनेटिक अल्गोरिदमवर (उत्क्रांतीवरून बेतलेली शोधपद्धत), आणि माझ्या हट्टामुळे पहिल्या आठवड्यात सीपी-सॅट लावला तर त्याने ४० सेकंदांत ऑप्टिमम काढून सिद्धही करून दिलं. मुलं रडकुंडीला आली, ‘मॅडम आता प्रोजेक्ट काय करायचा?’ म्हटलं आता खरा प्रोजेक्ट सुरू झाला. त्याबद्दल पुढे लिहिते.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक ठरलेलं वाक्य असतं, ‘हा प्रॉब्लेम एनपी-हार्ड आहे, म्हणून आम्ही ह्युरिस्टिक वापरलं’, ह्युरिस्टिक म्हणजे चांगलं उत्तर शोधणारी पण ते सर्वोत्तमच आहे याची हमी न देणारी पद्धत. या ‘म्हणून’ला मी दर वर्षी लाल गोल करते. एनपी-हार्ड म्हणजे साइज वाढत गेली की कुठल्याही उदाहरणावर खात्रीने आणि वेगाने चालेल अशी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, तुमच्या हातातलं ३० कामांचं उदाहरण सुटणारच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. प्रोजेक्ट शेड्युलिंगसाठी पीएसपीलिब नावाचा जो प्रसिद्ध संग्रह आहे त्यातली ३० कामांची सगळीच्या सगळी ४८० उदाहरणं ऑप्टिममपर्यंत सुटलेली आहेत. आणि उलटही बघा, दोनच मशिन असतील आणि सगळी कामं आधी पहिल्यावर मग दुसऱ्यावर जात असतील तर जॉन्सनने १९५४ मध्येच सोपा नियम दिलाय, कागद-पेन्सिलने होतं. हे न बघताच मुंग्या सोडायच्या कशाला. तीच गत करमरकरांची. नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगची (जिथे अपूर्णांकही चालतात अशी सरळ समीकरणांची गणितं) नवी वेगवान पद्धत काढली, आपल्याला अभिमान आहेच, मुलं रिपोर्टात त्यांचं नाव हमखास टाकतात, पण तुमच्या मॉडेलमध्ये तर ‘हे काम या मशिनवर, हो की नाही’ असे पूर्णांक आहेत, मग नुसत्या लिनियर प्रोग्रॅमिंगने कसं भागेल असं व्हायव्हात विचारलं की शांतता. माझा दुसरा आवडता व्हायव्हा प्रश्न आहे, एक मशिन वाढवलं तर काम लवकर संपेल का? सगळे ‘हो’ म्हणतात. ग्रॅहमने १९६६ मध्ये दाखवून दिलंय की कामांमध्ये ‘याच्यानंतरच ते’ अशा अटी असतील आणि तुम्ही यादीतलं पुढचं तयार काम उचलत गेलात तर मशिन वाढवून शेवट उशिरा होऊ शकतो. कामं सगळी छोटी केली तरी उशीर होऊ शकतो. हे ऐकल्यावर ज्याचे डोळे चमकतात त्याला मी पुढच्या वर्षी रिसर्चला ये म्हणून सांगते.

तर त्या ४० सेकंदवाल्या बॅचची गोष्ट. विषय होता एका हॉस्पिटलच्या वॉर्डचं नर्सेसचं ड्युटी चार्ट. नियमांचा छापील कागद होता, ११ नियम, नाइटनंतर लगेच मॉर्निंग नाही, आठवड्यात इतक्याच ड्युट्या वगैरे. सॉल्व्हरने ऑप्टिमम दिलं, चेकर पास झाला, मुलं प्रिंट घेऊन इनचार्ज सिस्टरांकडे गेली. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि कागद परत दिला. म्हणाल्या, या दोघी नव्या आहेत, दोघींना एकत्र नाइटला कसं ठेवलं? आणि हिलाच सगळे रविवार का?

पहिलं कुठे लिहिलेलंच नव्हतं, कारण सिस्टरांना ते लिहायची गरज कधी पडलीच नाही, त्या इतकी वर्षं हातानेच चार्ट करत होत्या. दुसरं जास्त इंटरेस्टिंग आहे. मुलांनी नाराजीची बेरीज कमीत कमी करायची असं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ध्येय, लावलं होतं, आणि सॉल्व्हरने इमानदारीत ती केली. एकाच नर्सने ‘रविवार चालेल’ अशी खूण केली होती, मग सगळे रविवार तिच्याच गळ्यात. बेरजेला कोणाच्या वाट्याला किती आलं हे दिसत नाही. मग बेरजेऐवजी सगळ्यात नाराज माणसाची नाराजी कमी करायची असं करून बघितलं तर बाकीच्यांचं बिघडलं, कारण त्या एकीच्या वर कोणाचं काही गेलं नाही म्हणजे सॉल्व्हर खूश, खाली काय वाट्टेल ते. शेवटी दोन्हीचं मिश्रण, आणि त्यातलं वजन किती ठेवायचं यावर मुलं पाच वेळा वॉर्डात जाऊन बसली. मला विचाराल तर या पाच वेळा जाण्याला मी निम्मे मार्क दिले असते, पण मार्कांच्या फॉरमॅटमध्ये ‘वॉर्डात जाऊन बसणे’ असा कॉलमच नाही.

हे फक्त पोरांचं होतं असं समजू नका. २०१७ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहराच्या शाळांच्या वेळा एमआयटीच्या संशोधकांनी अल्गोरिदमने काढून दिल्या, मोठ्या मुलांची शाळा उशिरा भरावी आणि बसचा खर्चही वाचावा असा चांगला हेतू होता, गणितही भक्कम होतं. डिसेंबरमध्ये नव्या वेळा जाहीर झाल्या आणि पालक इतके भडकले, कारण बऱ्याच लहान मुलांच्या शाळा खूप लवकर भरणार होत्या, की त्याच महिन्यात प्लॅन मागे घ्यावा लागला. मी हे उदाहरण दर वर्षी पहिल्या मीटिंगला सांगते.

आणखी एक गोष्ट कुठल्याच विद्यार्थ्याला आधी सुचत नाही. चार्ट लागलं, महिना सुरू झाला, आठव्या दिवशी एक जण आजारी पडली. मुलं काय करतात, तिचं नाव काढतात आणि प्रोग्राम परत पळवतात. नवीन ऑप्टिमम येतं, पण ते जुन्यापेक्षा पूर्ण वेगळं असतं, एकीच्या आजारपणाने वीस जणींच्या ड्युट्या हलल्या, आणि त्यांनी तर घरची कामं, मुलांच्या शाळा, प्रवास सगळं जुन्या चार्टवर ठरवून ठेवलेलं. सॉल्व्हरला ते कुठे माहीत. म्हणून दुसऱ्यांदा पळवताना ‘जुन्यापासून कमीत कमी हलव’ हेही ऑब्जेक्टिव्हमध्ये टाकावं लागतं, आणि त्यासाठी दोन-तीन टक्के खराब उत्तर चालवून घ्यावं लागतं. ‘मॅडम ऑप्टिमम सोडून द्यायचं?’ हो, द्यायचं.

आणि जेव्हा उत्तरच निघत नाही तेव्हा? सॉल्व्हर ‘इन्फीजिबल’, म्हणजे सगळे नियम एकदम पाळताच येत नाहीत, असं म्हणतो आणि मुलं स्क्रीनकडे बघत बसतात. हा खरं तर सगळ्यात मोलाचा क्षण असतो. कुठले नियम एकमेकांशी भांडतायत ते शोधायचं, कमीत कमी कुठले तीन-चार नियम एकत्र आले की गाडी अडते ते काढायचं, मोठे सॉल्व्हर हे स्वतःच काढून देतात, आणि ते घेऊन परत माणसांकडे जायचं की सांगा यातलं कुठलं सैल करू. बहुतेक वेळा कळतं की हातानेही ते नियम कधीच सगळे पाळले जात नव्हते, कोणीतरी गुपचूप एक मोडत होतं आणि सगळ्यांचं चाललं होतं.

सॉफ्टवेअरच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगते कारण तिथे दरवर्षी तेच रडगाणं आहे. रँडम सीड (प्रोग्राममधले यादृच्छिक आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) लिहून ठेवत नाहीत म्हणून स्वतःचाच रिझल्ट परत येत नाही. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ अशी फोल्डरं. नियम कोडमध्ये गाडून टाकलेले, म्हणजे ड्युटीची वेळ अर्ध्या तासाने बदलली की प्रोग्रामर हवा. आणि मग मुलं पास होऊन जातात. त्या वॉर्डातलं सॉफ्टवेअर चार महिने चाललं, मग एक शिफ्टची वेळ बदलली, ज्याने लिहिलं होतं तो नोकरीला लागलेला, फोन उचलायचा पण वेळ नव्हता, आणि सिस्टर परत एक्सेलवर गेल्या. यात मुलाची चूक नाही, माझी आहे, मी सबमिशनच्या आधी दुसऱ्या ग्रुपकडून ते इन्स्टॉल करून चालवून घ्यायला हवं होतं. आता घेते. (गंमत बघा, आम्ही जगाला शेड्युलिंग शिकवणार आणि आमचे सगळे व्हायव्हा, सगळ्या सह्या, सगळे रिपोर्ट शेवटच्या आठवड्यात कोंबलेले. नवरा हसतो.)

गेल्या काही वर्षांत एआयकडून कोड लिहून घेणं सुरू झालंय, बंदी घालून काही होत नाही, मीही घालत नाही. प्रॉब्लेमचं मॉडेल पाच मिनिटांत येतं आणि दिसायला इतकं सुबक असतं की वाचायची इच्छाच होत नाही. पण शून्यापासून मोजायचं की एकपासून हा घोळ त्यालाही होतो, आणि पूर्वी निदान चूक कोणी केली ते तरी माहीत असायचं. चेकरसुद्धा त्याच्याकडूनच लिहून घेतला तर मग झालंच कल्याण.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. विद्यापीठांनी प्रोजेक्ट रिपोर्टबरोबर डेटाच्या फाइल, उत्तराच्या फाइल आणि स्वतंत्र चेकर सक्तीचा करावा, आणि ‘आमची पद्धत जुन्या साध्या पद्धतीपेक्षा चांगली निघाली नाही, का ते असं’ असा प्रामाणिक रिपोर्ट आला तर त्याचे मार्क कापू नयेत, आज कापले जातात आणि म्हणूनच सगळ्यांचे अल्गोरिदम सरस ठरतात. आणि पेपरवाल्यांनी, म्हणजे आपण, अशी बातमी छापताना विद्यार्थ्यांना एकच प्रश्न जास्तीचा विचारावा, हे वेळापत्रक ज्यांच्यावर लागणार त्यांनी बघितलं का? आणि जमलं तर सहा महिन्यांनी परत फोन करावा, चालू आहे का म्हणून.

ता. क. ९३० वाल्या त्या मुलाचा जो चेकर होता तोच वाढवत वाढवत मी पुढे ड्युटी चार्टसाठी वापरायला लागले, दर बॅचला देते, अगदी देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा. हे पत्र लिहायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला दाखवलं की रात्री बाराच्या पुढे जाणारी शिफ्ट महिन्याच्या शेवटच्या तारखेला आली तर तो चेकर ती मोजतच नाही. बरोबर होतं तिचं. आता मागचे तीन प्रोजेक्ट परत तपासायला काढलेत, तिन्हींवर माझी सही आहे.

आपली,
एक प्रोजेक्ट गाइड